जोडीची तिकिटं

१६ जानेवारी १९९४, रविवार

वसमतला संगीत नाटक येऊन राहिलंय! १३ फेब्रुवारी, रविवार, दुपारी साडेतीन. तीन अंक, ऑर्गन, तबला, सगळा खरा सरंजाम. डोंगरकड्यात भोंग्याची जीप फिरत होती. आम्ही दुकानापुढं उभे. देवलानं ऐकलं अन् भर रस्त्यात माझी बाही धरली.

"आता तरी न्याल का न्हाई?"

नेतो म्हणलं. दुसरं काय म्हणणार? लग्नाला चौदा वर्षं झाली. त्यातली दहा वर्षं तरी मी 'नेतो' म्हणून राहिलो. बाईला अक्षर येत नाही, पण रेडिओवरची नाट्यपदं तोंडपाठ. भाकरी थापता थापता ताना घेते. आम्ही बंजारे, आमची बोली वेगळी, ही पदं जुन्या मराठीतली, निम्म्या शब्दांचा अर्थ मलाही सांगता येत नाही. तिचं काही अडत नाही. तिला फक्त गाणारं माणूस डोळ्यानं बघायचंय. "गाताना त्याचं तोंड कसं होत असंल हो?" असं विचारते.

एवढंच मागणं. तरी डोकं उठलंय माझं.

१८ जानेवारी, मंगळवार

घोळ झाला. आमचे हेडमास्तर अमृतराव सर मधल्या सुट्टीत उठले अन् जाहीर करून मोकळे — सगळा स्टाफ नाटकाला जाणार, जोडीनं! "दुसरी रांग आख्खी आपली सांगून ठेवली. प्रेमदास सर, तुमची दोन धरली बरं का. कारणं चालणार नाहीत."

बघतो म्हणलं. ते म्हणले, बघायचं नाटक, तिकीट नाही. सगळे खो खो हसले. मीपण हसलो.

१९ जानेवारी

कुणी सांगितलं होतं यांना दुसरी रांग धरायला!

२१ जानेवारी, शुक्रवार

जेवताना सहज म्हणल्यासारखं म्हणलं, वसमतला मंडपात काय बघायचं, धूळ नुसती. तेच नाटक पुढं नांदेडला लागणार, पक्कं थेटर आहे, तिथं जाऊ.

देवला तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "नांदेडला तुमाला कुणी वळखत न्हाई, व्हय ना?"

मी ताटावरून उठलो. काय तिखट जीभ आहे या बाईची! माणसानं चांगलं सांगावं तर त्यातून भलतंच काढते. उपाशी झोपलो. तिनं उठवलंसुद्धा नाही.

२६ जानेवारी, बुधवार

झेंडावंदन. स्टाफच्या बायका आल्या होत्या, इस्त्रीच्या साड्या, हातात पर्स. हेडमास्तरांच्या मंडळी रुख्मिणीबाई — चांगली बाई, उगाच बोट ठेवायला जागा नाही — सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सर, चार वर्षं झाली तुम्हाला या शाळेवर, तुमच्या घरच्यांना आम्ही अजून पाहिलं नाही. नाटकाला तरी आणा."

म्हणलं, तिला गर्दी सोसत नाही.

धडधडीत खोटं! गर्दीत देवलाइतकी खूश दुसरी बाई दाखवा. होळीला तांड्यावर लेंगीची गाणी सुरू झाली की सगळ्यांच्या वर हिचा आवाज.

आता वहीत तरी खरं लिहावं. वहीला कोण भितो. देवला फेटिया नेसते, आमचा घेरदार घागरा; वर भिंगं लावलेली कांचळी, म्हणजे चोळी. दंडापर्यंत बलिया, पांढऱ्या बांगड्या, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केसांत गुंफलेली चांदीची घुगरी-टोपली. चालली की वाजते. आता तांड्यावरच्या तिच्या वयाच्या बऱ्याच जणी साडीवर आल्या. ही नाही आली. दुसऱ्या रांगेत ही माझ्या शेजारी बसणार, अन् अख्खा मंडप नाटक सोडून आमच्याकडं बघणार.

लाज वाटते का? वाटते. लिहिलं एकदाचं. माझ्या आईचा वेश तो, आजीचा वेश तो. त्याच वेशातल्या बाईनं डोक्यावर मोळ्या आणून मला डी.एड. केलं. तरी वाटते. माझा मलाच राग येऊन राहिला अन् निघतोय सगळा देवलावर.

२९ जानेवारी, शनिवार

आजच्यासारखा गाढवपणा जन्मात केला नव्हता.

कळमनुरीहून साडी आणली. मोरपंखी, बारीक काठाची. देवलाला आवडली! नेसून दाखवली, आरशात मागून पुढून बघितलं. मला वाटलं, जमलं. त्याच भरात बोलून गेलो — "आता हे घुगरी-टोपली अन् बलिया तेवढ्या काढून ठेव. एका दिवसापुरतं."

याडी, आई माझी, दारातच बसली होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

मी शिकलेला माणूस. बारा वर्षं पोरांना शिकवतो. अन् एवढं ध्यानात राहू नये? आमच्यात बाईचं हे लेणं एकाच दिवशी उतरतं — नवरा गेला की. मी माझ्या तोंडानं, माझ्या आईसमोर, बायकोला म्हणालो की मी मेलो असं समज. एका दिवसापुरतं!

याडीनं जे तोंड सोडलं! "जीभ झडली काय तुझी? शाळेत हेच शिकवतेत का?" मग मला उंबऱ्यात बसवलं, चौतीस वर्षांच्या घोड्याला, अन् मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. तडतड वाजल्या. "बघ, किती लागली व्हती," म्हणाली. देवला साडी सोडून घडी घालत होती. माझ्याकडं बघितलं नाही.

३० जानेवारी, रविवार

सगळ्या तांड्याला कळलंय. सकाळी तांड्याच्या नायकांनी हाक मारली — "मास्तर, जीव बरा हाय ना?" चुलत भाऊ रूपसिंग तर पक्का वात्रट. म्हणतो, "भाऊ, इतकी कसली घाई? आधी रानातली हळद तरी निघू द्या."

सायकल काढली अन् सुट्टी असून शाळेत जाऊन बसलो.

२ फेब्रुवारी, बुधवार

देवला माझ्याशी बोलत नाही. म्हशीशी बोलते. "ऐक गं बाई, आपण अडाणी. आपलं काय बी चुकतं." म्हैस कान हलवते. मी ओट्यावर बसून सगळं ऐकतो.

बोल की सरळ! भांड! भांडण परवडलं. हे म्हशीमार्फतचं सोसत नाही.

४ फेब्रुवारी

आज बोलली. एकच वाक्य. "साडी नेसते म्हणलं असतं मी, तुमी फकस्त साडीच मागितली असती तर."

सायकलचं पंक्चर काढत बसलो.

६ फेब्रुवारी, रविवार

हळदीचा निरोप आला. शिजवायची मोठी कढई तांड्यात एकच, पाळीपाळीनं एकेका रानात जाते. आमची पाळी लागली १३ तारखेला. नाटकाच्याच दिवशी! पाळी सोडली तर पुढं पंधरा दिवस कढई मिळत नाही, अन् काढलेली हळद रानात पडून राहते. देवलाला सांगितलं. ती मटकन खाली बसली.

"नशीबच असं," मी म्हणलं. तोंड पाडून म्हणलं.

खरं लिहू? पोटातून बरं वाटलं मला. सुटलो असं वाटलं. बुधवारी शाळेत सांगणार — शेतीची अडचण आली, तिकिटं दुसऱ्या कुणाला द्या. सगळे हळहळतील, मी मान डोलावीन. किती सोपं!

८ फेब्रुवारी, मंगळवार

काय बाई आहे! मी शाळेतून यायच्या आत रूपसिंगच्या रानात जाऊन पाळी बदलून आली. त्याची शुक्रवारची घेतली, आपली रविवारची त्याला दिली. रूपसिंग आधी नाही म्हणत होता. तिनं सांगितलं म्हणे, "तुझी हळद मी वाळवू लागते, वर माझी म्हैस व्याली की पहिला खरवस तुझ्या घरी."

"आता काय अडचण हाय?" मला विचारलं. सरळ तोंडावर बघून.

म्हणलं, काही नाही. आनंद आहे.

चिडचिड झाली नुसती. अरे, माणसाला एवढंपण सुटू देऊ नये का!

१० फेब्रुवारी

अमृतराव सरांनी तिकिटं हातात ठेवली. जोडीची. खिशात ठेवली तर दिवसभर टोचून राहिली.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळेला रजा टाकली, हळद शिजवली. पहाटेपासून जाळ. देवला धुरात उभी, डोळे लाल, हात कोपरापर्यंत पिवळे. अन् गातेय! कढईपुढं उभी राहून राजदरबारातलं पद! रोजानं आलेल्या बायका हसून हसून लोळल्या. एकजण म्हणाली, "देवलाबाई, नाटकात तुमालाच उभं करा की." ही म्हणाली, "आधी बघून तर येऊ दे, मग सोडत न्हाई."

मी लाकडं सारत होतो. मनात म्हणलं, प्रेमदास, हिला बघायला चार माणसं वळली तर वळू दे की. हिचं गाणं ऐकलं तर तीच माणसं तोंडात बोट घालतील. कुणापासून लपवून राहिलास? अन् काहून?

१२ फेब्रुवारी, शनिवार

ठरवलं. संपलं सगळं. देवलाला सांगितलं, "जशी आहेस तशी चल. फेटिया नेस, कांचळी घाल, सगळं घाल. माझं चुकलं होतं."

तिनं ऐकून घेतलं. मग पेटीतून लग्नातली कांचळी काढली, एक भिंग निखळलेलं होतं ते लावत बसली. याडीनं घुगरी केसांतल्या केसांतच चिंचेनं घासून दिली. घरात कसं हलकं वाटून राहिलं आज! महिनाभर उगाच जीव आटवला. एवढं सांगायला मला चार आठवडे लागले, पण सांगितलं. आपल्या स्टाफमध्ये कोण सांगेल असं? वेळ आली की माणूस मोठं मन दाखवतो, ते मी दाखवलं असं मला वाटतं.

उद्या सगळ्यांशी ओळख करून देणार. छाती काढून. ही माझी बायको, देवला. बस.

१३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

बाराची एसटी. देवला दोनदा तयार होऊन बसली. तांड्यातली बायामाणसं बघायला दारात. ती अशी काही दिसून राहिली की मीच दोनदा बघितलं! निघतो.

१४ फेब्रुवारी, सोमवार

मंडपात शिरताना मी चार पावलं पुढं होतो. कसा झालो, कळलं नाही.

दुसऱ्या रांगेत सगळे बसलेले. रुख्मिणीबाई उठून उभ्या राहिल्या, माझ्या मागं बघितलं, हसून म्हणाल्या, "सर, या कोण?" मी तोंड उघडलं. माझ्याआधी देवला म्हणाली, "मी सरांच्या तांड्यातली. सरांनी सोबत आणलं, नाटक बघाया."

सगळे माझ्याकडं बघत होते.

मी मान डोलावली.

तीन अंक ती माझ्या शेजारी बसली. पदं सगळी ओठातल्या ओठात म्हणाली. येताना एसटीत विचारलं, काहून म्हणालीस तसं?

"तुमी काय म्हणणार, ते मला ऐकायचं नव्हतं," म्हणाली.