पोर्शनबाहेरची नदी

बाई,

तुम्ही गेल्याला बारा वर्षं झाली. हे आज लिहितेय, कारण दुपारी इथे परदेशात, ग्लेन वेव्हर्लीच्या घरात, मी तुमची लेना नदी माझ्या नावावर खपवली. मुलीला शाळेतून सायबेरियातल्या या नदीवर असाइनमेंट आहे. टेबलावरचा नकाशा ढकलत ती म्हणाली, "आई, धिस इज डम्ब. नदी वर कशी जाईल?" मी नकाशा उचलून कार्पेटवर ठेवला. "आता सांग, वर कुठंय?" ती हसायला लागली.

दहावीचा वर्ग. तुम्ही भिंतीवरचा नकाशा काढून फरशीवर अंथरता आणि चपला बाजूला सारून सायबेरियाच्या कडेला उकिडव्या बसता. मागची मुलं खिदळतात. "हसा, हसा. पाण्याला दिशा कळत नाही रे, उतार कळतो. डोंगर दक्षिणेला, समुद्र उत्तरेला. मग जाईल कुठे ती?"

लेना आमच्या पोर्शनमध्ये नव्हती. बोर्डाची परीक्षा तोंडावर असताना तुम्ही तिला चार तास दिलेत. मुख्याध्यापकांकडे तक्रारीचा अर्ज द्यायचं वर्गात ठरलं आणि अक्षर चांगलं म्हणून तो मी लिहिला. 'विषयांतरामुळे विद्यार्थ्यांचे नुकसान' हे शब्द मला कुणी सांगितले नव्हते. पंधरा वर्षांची होते, हे कारण म्हणून देत नाही. शब्द निवडता येत होते मला. पुढच्या सोमवारी तुमच्या जागी प्रश्नोत्तरं लिहून देणारे सर आले. तुम्हाला पाचवी दिली.

मग एकदा व्हरांड्यात भेटलात. "पोर्शन कुठवर आला गं?"

"संपत आलाय, बाई."

"छान. बर्फ फुटतो तेव्हा काय होतं, ते तुमचं राहिलंच. मधल्या सुट्टीत ये."

मी गेले. डबा खाता खाता तुम्ही सांगितलंत : उन्हाळ्याच्या तोंडाशी दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, पाणी उत्तरेला निघतं, पण पुढे मुखाकडे नदी अजून गोठलेलीच असते. फुटलेला बर्फ तिथे अडतो आणि मागची गावं पाण्याखाली जातात. मग तुम्ही सहज विचारलंत, "तो अर्ज कुणी लिहिला, माहीत आहे तुला?"

"नाही, बाई."

"बरं," म्हणालात आणि उरलेली अर्धी पोळी माझ्यापुढे केलीत. मी ती खाल्ली.

तुम्हाला ठाऊक होतं का, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारत आले. आता वाटतं, तीही पळवाटच. तुम्हाला ठाऊक होतं असं धरलं, की मला सांगावं लागत नाही.

आज बर्फाचंही मुलीला तुमच्याच शब्दांत सांगितलं. ती लिहिता लिहिता थांबली. "हू टॉट यू धिस?" तुमचं नाव घेतलं असतं तर पुढे अर्जाचंही सांगावं लागलं असतं. "वाचलं होतं कुठेतरी," मी म्हणाले.

"आई, यू शुड बी अ टीचर."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. बाई, मला ते ऐकून बरं वाटलं.