अर्धा डॉक्टर

२२ सप्टेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कुणी वाचणार नाही, तरी अक्षर नीट काढतोय.

इथल्या अमेरिकन कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. संध्याकाळचे क्लास. ह्यूमन बायोलॉजी आणि गणित. बारावीला नागपुरात दोन मार्कांनी मेडिकलची सीट हुकली, तेव्हापासून लोक मला इंजिनिअर समजतात. पन्नाशीत ही चूक दुरुस्त करतोय. प्लॅन असा: दोन वर्षं इथे, मग फिजिशियन असिस्टंटचा, म्हणजे डॉक्टरच्या हाताखाली पेशंट तपासण्याचा कोर्स, पंचावन्नाव्या वर्षी पांढरा कोट. तसंही ऑफिसात मी अल्ट्रासाऊंड मशीनचं सॉफ्टवेअर टेस्ट करतो. म्हणजे अर्धा डॉक्टर झालेलोच आहे.

जागृती म्हणाली, करा की, घरात एक डॉक्टर असलेला बरा. बायको असावी तर अशी. अनयाने विचारलं, "बाबा, इज दिस अ मिडलाइफ थिंग?" सोळा वर्षांच्या पोरीला काय कळणार.

२५ सप्टेंबर, गुरुवार
गणिताची प्लेसमेंट टेस्ट झाली. मला इंटरमीडिएट अल्जेब्रात, म्हणजे शाळेतल्या बीजगणितात टाकलंय. सॉफ्टवेअरमध्ये बग असणार. सपोर्टला ईमेल केला. मी इंजिनिअर आहे. ऑफिसात x ची किंमत शोधायची नसते, x वर मीटिंग घ्यायची असते.

तरी बरं झालं. पाया पक्का होईल.

३० सप्टेंबर, मंगळवार
बायोलॉजीचा पहिला क्लास. मिस ओल्सन शिकवतात. वीस वर्षं नर्स होत्या. बाकी मुलं अनयाएवढी. लॅब पार्टनर मात्र मराठी निघाली. मीरा, अकोल्याची, तिशीची, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, हिला नर्सिंगला जायचंय. पहिल्याच वाक्यात मला काका म्हणाली. मी म्हणालो, धर्मराज म्हण. म्हणाली, बरं काका.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठून दोन तास अभ्यास.

१ ऑक्टोबर, बुधवार
सव्वासातला उठलो. झोपेने स्मरणशक्ती वाढते. पुस्तकातच आहे, पान नंबर विसरलो.

५ ऑक्टोबर, रविवार
बेलव्ह्यूला हॉलमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. बुद्धवंदना झाल्यावर मी शिक्षणावर पाच मिनिटं बोललो. बाबासाहेबांनी 'शिका' म्हणताना वयाची अट घातली नव्हती, या वाक्याला टाळ्या. जेवणाच्या वेळी लोक आपणहून तब्येती विचारायला लागले. ओळखीतल्या प्रितमचा गुडघा पाहिला, त्याच्या मावशीची थायरॉइडची गोळी बदलायला सांगितली. "या डॉक्टर" असं कुणीतरी म्हणालं. चेष्टेत म्हणालं असेल, पण म्हणालं.

जागृती पार्किंगपासून हॉलपर्यंत वरणाचं पातेलं घेऊन आली आणि खुर्चीत बसूनच राहिली. दम लागला म्हणाली. पातेलं मोठं होतं. पुढच्या वेळी लहान नेऊ.

९ ऑक्टोबर, गुरुवार
पहिली क्विझ. वीसपैकी सहा. प्रश्न फारच बेसिक होते. ओव्हरथिंकिंग झालं. मीराला एकोणीस. ती पाठ करते. मी समजून घेतो, त्याला वेळ लागतो.

जागृतीला मळमळतंय. ॲसिडिटी. घरी डायग्नोसिस करायला मला दीड मिनिट लागलं. तिने विचारलं, नक्की ना? तुम्ही शिकताय म्हणून विचारते. फार बरं वाटलं. चावायच्या गोळ्या दिल्या. लोणचं बंद.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
जागृतीचा जबडा दुखतोय. डावीकडे. डाळिंबाएवढी सूज वगैरे काही नाही, म्हणजे दात. झोपेत दात खात असणार. माउथगार्ड ऑर्डर केला. शुगर आहे तिला, पण अगदी बॉर्डरलाइनच्या थोडी वर.

अल्जेब्राच्या टेस्टमध्ये ऋण चिन्ह राहिलं. एकच. सगळ्या गणितांत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार
हृदय सुरू झालं. माझा आवडता अवयव. मिस ओल्सननी मेंढ्याचं खरं हृदय कापायला दिलं. कात्री मीराने धरली. मी ओव्हरऑल सुपरव्हिजन केलं. थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो. वास नव्हे, व्हेंटिलेशनचा प्रॉब्लेम.

घरी जिना चढताना जागृती मध्येच थांबली. रेलिंग धरून उभी. गराजपासून किचनपर्यंत चौदा-पंधरा पायऱ्या. दिवसभर डेकेअरमध्ये लोकांची पोरं कडेवर घ्यायची म्हटल्यावर थकणारच. व्यायाम हवा. तिला रोज अर्धा तास ब्रिस्क वॉक लिहून दिला. खाली सही केली. सही डॉक्टरी वाटते.

२५ ऑक्टोबर, शनिवार
जागृती वॉकवरून दहा मिनिटांत परत. थंडी वाजत होती आणि घाम आला होता. एकाच वेळी. सत्तेचाळीस वय, या वयात बायकांना होतंच. या विषयावरचा चॅप्टर अजून आलेला नाही, पण अंदाज आहे.

अनया म्हणाली, "मॉम लुक्स ग्रे, बाबा." किचनमधला बल्ब पांढराफटक आहे, त्यात सगळेच आजारी दिसतात. दुकानात जाऊन वॉर्म लाइटचे चार बल्ब आणले. बदलले. आता चेहरा चांगला दिसतो.

३० ऑक्टोबर, गुरुवार
आजचं लेक्चर फार महत्त्वाचं. हार्ट अटॅक. मिस ओल्सन म्हणाल्या, सिनेमात छातीवर हात ठेवून पडतात, तसं नेहमी होत नाही. बायकांमध्ये लक्षणं वेगळी असू शकतात. जबडा, पाठ, मळमळ, धाप लागणं, विनाकारण थकवा. डायबेटिस असेल तर आणखीनच फसवं. हे परीक्षेत येणार असं स्पष्ट म्हणाल्या. पिवळ्या मार्करने खूण केली, दोन स्टार मारले.

घरी आलो तर जागृती झोपलेली. जेवली नव्हती. अनयाला खिचडी मलाच करावी लागली. अभ्यासात व्यत्यय.

४ नोव्हेंबर, मंगळवार
साडेचारलाच अंधार पडायला लागला. पाऊस थांबत नाही. शेजारच्या झाडावर कावळे बसतात, खूप. अनयाला ते आवडत नाहीत. मी त्यांच्याकडे बघत नाही, अभ्यास असतो.

लक्षणं पाठ करायची युक्ती सापडली: ज-पा-म-धा-थ. जपामधाथ. क्लासमध्ये मीराला सांगितली. जागृतीच्या ॲसिडिटीचा विषय बोलता बोलता निघाला. मीराने पेन खाली ठेवलं. म्हणाली, काका, काकूंना दाखवलंत का? मी म्हणालो, मी बघतोय. म्हणाली, तुम्ही नाही, डॉक्टरला. थोडी उद्धट आहे. मार्क चांगले पडले की असं होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
जागृतीने मला न विचारता डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली. गुरुवारी, साडेचारला. गाडी तुम्हीच चालवा, मला गरगरतं, म्हणाली. गुरुवारी साडेपाचला माझी मिडटर्म. समजावलं तिला. एवढ्याशा ॲसिडिटीसाठी डॉक्टर काय करणार, ह्याच गोळ्या देणार. ती म्हणाली, तुम्हाला खरंच काही वाटत नाही ना? मी म्हणालो, काहीही नाही. तर म्हणाली, मग ठीक आहे. फोन करून पुढे ढकलली. पुढची तारीख नऊ डिसेंबर.

तिचा विश्वास बघून जबाबदारी वाटते. मिडटर्ममध्ये नव्वद टक्के मिळवायचेच.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मिडटर्म उत्तम. लक्षणांचा प्रश्न आलाच. जपामधाथ आठवलं, पण 'पा' म्हणजे पाय की पाठ यात गडबड झाली. पाय लिहिलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
शंभरपैकी एक्केचाळीस. मिस ओल्सननी थांबवून घेतलं. मला वाटलं ऑफिसच्या अनुभवाबद्दल विचारतील. म्हणाल्या, ड्रॉप करायचं असेल तर मुदत संपत आलीये. हसलो. त्या हसल्या नाहीत.

शनिवारी लॅब प्रॅक्टिकल आहे. तिथे भरून काढतो.

घरी येऊन जागृतीला मार्क सांगितले नाहीत. तिने विचारलेही नाहीत. भिंतीला टेकून भांडी घासत होती. मी म्हणालो, पाठ सरळ ठेव. म्हणाली, पाठच दुखतेय.

२२ नोव्हेंबर, शनिवार, सकाळी
जागृती पलंगाच्या कडेला बसलेली. कधीपासून कुणास ठाऊक. चेहऱ्याला घाम. म्हणाली, आज जाऊ नका. वर्षभरात पहिल्यांदा असं म्हणाली असेल. पण प्रॅक्टिकल पुन्हा होत नाही, नियमात लिहिलंय. पाण्यात सोडा घालून दिला. दोन उशा मागे लावल्या. नाडी पाहिली, लागत होती. अनयाला म्हणालो, मम्मीला झोपू दे, दार बंद ठेव.

निघताना तिने काही म्हटलं. बूट घालत होतो, नीट ऐकू आलं नाही.

त्याच दिवशी, अकरा चाळीस
कॉलेजच्या कॅफेटेरियात बसून लिहितोय. कॉफी घेतली. मस्त गेलं! प्लास्टिकच्या हृदयावर पिना टोचलेल्या, नावं लिहायची. पाचही लिहिली. डावी बाजू म्हणजे हृदयाची डावी की माझी डावी, एवढाच प्रश्न होता. माझी धरली. मीरा म्हणाली, काका, त्याची. बघू.

फोन परीक्षेच्या आधी बंद करून बॅगेत टाकलाय. नियम आहे. आता लगेच चालू केला की ऑफिसचे मेसेज सुरू होतील. कॉफी संपेपर्यंत शांतता. फार दिवसांनी हलकं वाटतंय.

२४ नोव्हेंबर, सोमवार
अनयाने ॲम्ब्युलन्ससाठी ९११ ला फोन केला होता. साडेदहाला. त्यांनी फोनवर सांगितलं तसं तिने ॲस्पिरिन चावायला दिली, खालचं दार उघडून ठेवलं, मम्मीचा हात धरून बसली. मला अकरा कॉल. शेवटचा मेसेज: "बाबा प्लीज."

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा जागृतीला आत नेलं होतं. दोन स्टेंट. एक शीर जवळजवळ पूर्ण बंद होती. हृदयाच्या स्नायूचा काही भाग गेला, किती ते पुढे कळेल.

डॉक्टर तरुण होता. त्याने विचारलं, त्रास कधीपासून. मी ॲसिडिटी म्हणून सुरुवात केली. अनयाने मध्येच तोडून सगळं सांगितलं. पातेलं, जबडा, जिना, वॉक, घाम. सगळं इंग्रजीत, माझ्याकडे न बघता. त्याने विचारलं, मग इतके दिवस दाखवलं का नाही? मी म्हणालो, आम्हाला वाटलं ॲसिडिटी असेल. 'आम्हाला' असंच तोंडात आलं. अनयाने तेव्हा बघितलं.

मिस ओल्सनना ईमेल लिहायचा होता. काय लिहायचं ठरलं नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार
आज क्लास होता. गेलो नाही. हॉस्पिटलात खुर्चीत बसून होतो. मॉनिटरवर हृदयाच्या ठोक्यांची रेषा चालते. पी, क्यूआरएस, टी, असं मनात म्हणत बसलो. मग कुठली लाट कुठली ते कळेना. बघायचं थांबवलं.

मीरा डबा घेऊन आली. माझ्याशी नीट बोलली, काका म्हणाली. जागृतीचे पाय चेपत बसली. दोघी अकोल्याच्या कुठल्यातरी शाळेबद्दल हसत होत्या. मी खोलीत आहे हे त्यांच्या लक्षात नसावं.

नंतर दोघंच होतो तेव्हा मी म्हणालो, चॅप्टर आला होता, जागृती. मी वाचला होता. ती म्हणाली, माहितीये. अनयाने पुस्तक बघितलं, पिवळं केलेलं. मग म्हणाली, मला झोप येतेय.

२६ नोव्हेंबर, बुधवार
डिस्चार्ज. उद्या थँक्सगिव्हिंगची सुट्टी, सगळे घाईत.

नर्स गोळ्या समजावून सांगत होती. सकाळी कुठली, रात्री कुठली, कुठली एक दिवसही चुकवायची नाही. मी पेन काढलं. जागृती म्हणाली, अनया, तू ऐक नीट, मग मला सांग. मला म्हणाली, तुम्ही गाडी आणा.

पार्किंग गराजमध्ये मजला आठवेना. दोनवर शोधली, चारवर शोधली. किल्लीचं बटण दाबत फिरलो. तीनवर सापडली. हीटर लावला. पुढची सीट मागे सरकवून ठेवली, तिला नीट टेकता यावं म्हणून.

दारात दोघी उभ्याच होत्या. जागृती मागे बसली, अनयाच्या शेजारी. मी आरशातून विचारलं, सीटबेल्ट छातीवर लागत नाही ना? थोडा सैल करू?

म्हणाली, ते मी नर्सला विचारलंय.