नव्वद मोकळ्या कोंबड्या

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ.
आजपासून पिंजऱ्यातल्या कोंबडीचं अंडं बंद. कायमचं. लिहून ठेवतोय, म्हणजे पुढे कुणी शंका घ्यायला नको.

कारण काल शेडवर जाऊन आलो. बेकरीत अंडी टाकणाऱ्या टेम्पोवाल्याची कंबर धरली होती, म्हणून काकू म्हणाल्या, जा त्याच्याबरोबर, ट्रे तू उचल. (काकू म्हणजे बेकरीच्या मालकीणबाई. नात्यातल्या नव्हेत.) लांबच लांब शेड. तीन मजली जाळीचे पिंजरे. एकेकात चार कोंबड्या, आणि एकीच्या वाट्याला या वहीच्या पानाएवढीही जागा नाही. पंख पसरायचा तर शेजारणीला विचारून. चोचीचं टोक कापलेलं. मानेची पिसं घासून गेलेली. खालची जाळी उतरती, त्यामुळे घातलेलं अंडं घरंगळत बाहेर जातं, आईनं वळून बघायच्या आत. माझे डोळे चुरचुरले. वासानं. थोडे विचारानंही.

तिथल्या माणसाला विचारलं, या बाहेर कधी येतात? म्हणाला, येतात की. दीड वर्षानं, एकदाच.

एका कोंबडीनं माझ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं. बराच वेळ. माझी निवड झाली आहे असं वाटतं.

त्याच दिवशी, दुपार.
काकूंना सांगितलं, या बेकरीत यापुढे शेडचं अंडं येणार नाही. काकू पीठ चाळत होत्या. म्हणाल्या, बरं. मग कुठलं येणार?
मी म्हटलं, मोकळ्या कोंबडीचं.
म्हणाल्या, आण.
एवढंच. मोठी माणसं किती लवकर शरण येतात.

५ फेब्रुवारी.
बाजारात सर्वेक्षण केलं. चार दुकानं. एका खोक्यावर हिरवं कुरण, मागे डोंगर, पुढे हसणारी कोंबडी. दुकानदाराला विचारलं, ही कोंबडी कुठे राहते? म्हणाला, छापखान्यात. दुसऱ्या खोक्यावर ‘शेतावरची ताजी’ लिहिलंय. शेड शेतातच आहे, मी स्वतः पाहिलंय. म्हणजे खोटं काहीच नाही आणि खरंही काही नाही. तिसऱ्या दुकानात पतंगाचा मांजा होता, तो बघण्यात वेळ गेला. चौथं बंद होतं.

निष्कर्ष: ग्राहक झोपलेला आहे. त्याला उठवायची जबाबदारी माझी.

६ फेब्रुवारी.
नाश्त्याला भावजींनी ऑम्लेट घेतलं. मी फक्त बघत राहिलो. भावजींनी खुर्ची भिंतीकडे वळवून खाल्लं. ताई म्हणाली, भिंगरी, दुसऱ्याच्या ताटात बघण्यापेक्षा आपलं ताट घासायला शीक. (ताई मला लहानपणापासून भिंगरी म्हणते. एका जागी थांबत नाही म्हणून. मी त्याला व्यापक रस असणं म्हणतो.)

मग नेहमीचं. तुझी ही नववी नोकरी. काकू माझ्या ओळखीच्या म्हणून, माझ्या शब्दावर ठेवलंय तुला. भावजी भिंतीकडे बघतच म्हणाले, ही गेली तर माझ्याच्यानं आणखी व्हायचं नाही, दुसरीकडे सोय बघ.
जाणार नाही. बेकरीत सात आठवडे झाले. हा माझा विक्रम आहे.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
सापडल्या. बसच्या शेवटच्या स्टॉपच्या अलीकडे उतरून वीस मिनिटं चालत. एक मावशी, पत्र्याचं खुराडं, मागे पेरूची झाडं, आणि नव्वद कोंबड्या वाट्टेल तिथे. एक मातीत लोळून अंगावर धूळ उडवत होती, दुसरी माझ्या बुटाची नाडी उपसत होती. चोची अख्ख्या. मी मावशींना पिंजऱ्यांविषयी माहिती दिली. त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, अरे बाबा, मला हे ठाऊक आहे, तुला अंडी किती पाहिजेत ते सांग.
जास्त देता येत नाहीत म्हणाल्या, गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. दर गुरुवारी तीन ट्रे. सकाळी सातला ये, मी बाजूला काढून ठेवते.
गुरुवार, सात. यात अवघड काय आहे?

८ फेब्रुवारी.
काकू म्हणाल्या, तीन तर तीन. स्पंज केक फक्त त्या अंड्यांचा करू, बाकीचं हळूहळू. मी म्हटलं क्रांती हळूहळू होत नसते. म्हणाल्या, ओव्हनमधला ट्रे आधी काढ, करपतोय.
पाटी मीच रंगवली. ‘आमचा स्पंज मोकळ्या कोंबड्यांच्या अंड्यांचा.’ खाली कोंबडी. ती बदकासारखी झालीय, पण मोकळी वाटते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.
सहाला उठलो. (साडेसहाला.) बस चौकात अडकली, कारण क्रेननं इमारतीवर पाण्याची टाकी चढवत होते. खाली उभं राहून ‘डावीकडे घ्या’ सांगायला तिथे कुणीच नव्हतं. मी उतरलो. टाकी व्यवस्थित बसली. तेव्हा साडेनऊ.

बेकरीत काकू स्पंजसाठी खोळंबलेल्या, पाटी लागलेली. नाइलाजानं लाँड्रीच्या कोपऱ्यावर टेम्पोवाल्याला गाठलं, तीन ट्रे घेतले. टोपलीत गवत घातलं, त्यात अंडी मांडली. दोन-तीन पिसंही खोचली, ती ताईच्या उशीतली.
काकू म्हणाल्या, एका मापाची आहेत की सगळी. म्हटलं, तिथे शिस्त आहे.

हे फक्त आजच्यापुरतं. तत्त्व जिथल्या तिथे आहे, माल तेवढा बदलला.

१७ फेब्रुवारी.
स्पंज दुपारी बारालाच संपतो. लोक पाटी वाचतात, मग केक घेतात. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, चवीत फरक जाणवतो. मी म्हटलं, जाणवणारच.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
आज वेळेवर निघालो होतो, याची नोंद व्हावी. पण एक माणूस सायकलवर भलीमोठी शिडी आडवी घेऊन चालला होता. तो बोळात कसा वळणार हे पाहिल्याशिवाय पुढे जाणं मला जमलं नाही. तो वळलाच नाही, सरळ जात राहिला. मीही.
लाँड्री. टेम्पो. गवत.
टेम्पोवाला म्हणाला, भाऊ, हे कशासाठी करतोस? त्याला समजावून सांगितलं. डोकं खाजवून म्हणाला, म्हणजे अंडी आमचीच, पण नाव दुसऱ्यांचं. कमी शिकलेल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही. (मीही फार शिकलेलो नाही, पण माझं निरीक्षण दांडगं आहे.)

२५ फेब्रुवारी.
शाळेतल्या एक बाई दर मंगळवारी स्पंज नेतात. आज पाटीसमोर थांबल्या. म्हणाल्या, माझ्या वर्गातल्या मुलांनी जिवंत कोंबडी बघितलेली नाही. तुमच्या त्या बघायला आणू का?
म्हटलं, अवश्य. किती मुलं?
सव्वीस.
काकू म्हणाल्या, मीही येते, मुलांना केक वाटीन. बघायच्याच होत्या मला त्या कोंबड्या.
शनिवार ठरला. मधे गुरुवार आहे, तेव्हा मावशींना भेटून ओळख ताजी करून ठेवतो. बिनतोड योजना.

२७ फेब्रुवारी, गुरुवार.
बस वेळेवर. मी बसमध्ये. सगळं ठीक. पण खिडकीशी ऊन होतं आणि डोळा लागला. डेपोत जाग आली. तिथे एक मेकॅनिक गिअरबॉक्स उघडून बसला होता. आयुष्यात आतून गिअरबॉक्स बघायला किती वेळा मिळतो?

१ मार्च, शनिवार.
सविस्तर लिहिण्यासारखं काही नाही.

मुलं खूश होती. एका मुलीनं कोंबडी उचलून घेतली ती सोडेचना. मावशींनी मला बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, अरे, तूच ना तो? तीन गुरुवार तीन-तीन ट्रे राखून ठेवले. एकदाही फिरकला नाहीस. मला वाटलं आजारी पडलास.
बाई काकूंकडे बघायला लागल्या. काकू माझ्याकडे. मी कोंबड्यांकडे.
मुलांना मधेच एक अंडं सापडलं, त्यामुळे विषय बदलला.

परतीच्या बसमध्ये काकू माझ्या शेजारी बसल्या होत्या, मांडीवर केकचा रिकामा डबा. बेकरीत आल्यावर खुर्चीवर चढून पाटी काढली. म्हणाल्या, लोकांना मी माझ्या तोंडानं सांगितलं होतं. तू नाही, मी.
व्यवस्थेविरुद्ध लढणाऱ्याला आधी घरचेच सोडतात.

२ मार्च.
काकूंनी पहाटे स्वतः जाऊन मावशींशी बोलणं केलं. गुरुवारचे ट्रे त्याच आणणार. आणि मला म्हणाल्या, ताईच्या तोंडाकडे बघून एक संधी देते. मावशींचं बुधवारी डोळ्याचं ऑपरेशन आहे, मंगळवारी संध्याकाळी जातील, गुरुवारी दुपारी येतील. तोवर तिथे राहायचं. नीट पार पाडलंस तर बेकरीत ये. नाही तर नको.
मावशींना म्हणाल्या म्हणे, यालाच ठेवा, याला कोंबड्यांची फार कळकळ आहे.
शेवटी लायक माणसाकडेच काम येतं.

४ मार्च, मंगळवार. संध्याकाळ.
मावशींनी चावी दिली. म्हणाल्या, मोकळ्या म्हणजे वाऱ्यावर सोडलेल्या नव्हेत. अंधार पडताना आत घ्यायच्या, कुलूप लावायचं, नाही तर मुंगूस येतं. उजाडलं की दार उघडायचं. पत्रा लवकर तापतो. एवढंच काम आहे, पण रोजचं आहे.
म्हटलं, मावशी, दार उघडणं हे तर माझं जीवितकार्य.
म्हणाल्या, पाणीही भर.

५ मार्च, बुधवार.
सहा वाजता दार उघडलं. नव्वदच्या नव्वद माझ्या पायांतून बाहेर. धुळीत लोळल्या, झाडाखाली उकरत बसल्या. एकीनं पंख पसरले, पुरते, आणि शेजारणीला विचारलं नाही. मी तिथेच बसून राहिलो. दोन तास एकाच जागी. माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच.
पाणी भरलं. अंडी गोळा केली. अंधार पडताना आत घेतल्या.
लोक उगीच बाऊ करतात. ताईला फोन करून सांगितलं, झालंच समज. म्हणाली, उद्याचा दिवस जाऊ दे.

६ मार्च, गुरुवार. सकाळी ६.
उठलो. चावी खिशात. दूधवाल्याची गाडी फाटकाशी आलीय. दार उघडायला जाता जाता त्याला नमस्कार करून येतो.

६ मार्च, संध्याकाळ.
दूधवाला म्हणाला, कोंबडीला काय कळतंय, मोकळं काय नि बंद काय.

हे वाक्य तसंच सोडता येत नव्हतं. त्याला थांबायला वेळ नव्हता म्हणून मी गाडीत बसलो. त्याची अकरा घरं. सातव्या घराला त्याला थोडं पटलं, नवव्याला तो पुन्हा घसरला. डेरीवर पोचलो तेव्हा तिथे माणसं होती, त्यांनीही ऐकायला सुरुवात केली. दुधाच्या कॅरेटवर उभा राहिलो. वहीच्या पानाची जागा, कापलेली चोच, घरंगळणारं अंडं, सगळं सांगितलं. इतकं चांगलं मी कधीच बोललो नव्हतो. एक जण म्हणाला, आजपासून आमच्याकडे पिंजऱ्यातलं अंडं बंद. खरंच म्हणाला. दूधवाला साक्षीला आहे.
एका बाईंनी विचारलं, तुमच्याकडच्या कशा असतात? सकाळी सोडता?
घाम पुसायला रुमाल काढला. त्याच्याबरोबर चावी खाली पडली.

तेव्हा सव्वाअकरा.

पोचलो तर काकू होत्या. ट्रे न्यायला नऊला आल्या होत्या. कुलूप दगडानं तोडलेलं. आत पत्रा तापलेला, पाण्याचं भांडं उलटलेलं. अंडी सगळी फुटलेली, निम्मी कोंबड्यांनीच खाल्लेली. पाच-सहाजणींच्या शेपटीशी रक्त, एकमेकींना टोचून. एक दाराच्या फटीशी बसलेली होती, उठत नव्हती. काकू करंगळी पाण्यात बुडवून तिच्या चोचीला लावत होत्या.

मी म्हटलं, काकू, शेडमध्ये त्या दीड वर्ष बंद असतात. इथे फक्त तीन तास.
काकूंनी वर बघितलं नाही. म्हणाल्या, बादली आण.
आणली.
ती कोंबडी दोन वाजता उठली. तिरकी चालते.

७ मार्च.
काकूंनी फोन केला. ताईला. मला नाही. ताई नुसतं हो, हो, खरंय, म्हणत होती. मग म्हणाली, माझीच चूक, मी शब्द दिला होता. फोन ठेवला आणि माळ्यावरून माझी बॅग काढली. ओल्या फडक्यानं पुसली, उन्हात ठेवली. मला एकदाही भिंगरी म्हणाली नाही.
डेरीवरचा तो माणूस अंडी घेत नसेल तर माझा विजयच आहे. विचारून यायला हवं.

८ मार्च, शनिवार.
डेरीवर गेलो नाही.

चावी परत द्यायला मावशींकडे गेलो. वेळेवर. वाटेत कुठेही उतरलो नाही. मावशी दारात बसल्या होत्या, डोळ्यावर पट्टी, एका डोळ्यानं माझ्याकडे पाहत. कोंबड्या बाहेरच होत्या. मी चावी पुढे केली.
म्हणाल्या, राहू दे तुझ्याकडे. कुलूप नवं आणलंय.