‘म्हणे’ कुठे गेलं?

नाना, तुमचं दुकान अजून तिथेच आहे, शहाद्याच्या स्टँडजवळच्या गल्लीत, फक्त रेडिओ आता कोणी आणत नाही. मी मोबाईल दुरुस्त करते, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देते, झेरॉक्स काढते, आणि सगळे मला ‘कॉम्प्युटरवाली बाई’ म्हणतात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझी मुलगी तुम्हाला भिंतीवरच्या फोटोतूनच ओळखते. या वैशाखात तिचं लग्न झालं. ते होतं की मोडतं अशी वेळ मध्येच आली होती, आणि ती निभावून नेताना तुमचा एक शब्द उपयोगी पडला. म्हणून तुम्हाला सांगावंसं वाटलं.

लग्नाच्या तोंडावरच शेजारच्या देशाशी जुंपली. आताची लढाई तुम्हाला समजावून सांगणं जरा अवघड आहे. विमानं, तोफा आहेतच, पण आता कॉम्प्युटरमधूनही हल्ला करतात. इथे बसून बटण दाबायचं आणि तिकडच्या शहराची लाइट घालवायची, बँका बंद पाडायच्या. असं होऊ शकतं, मी नाही म्हणत नाही. पण कोणी केलं, कोणावर केलं, खरंच झालं का, हे आपल्या गल्लीपर्यंत काही धड पोचत नाही, आणि पोचत नाही म्हणूनच जो तो सेनापती झालेला असतो. दुकानाबाहेरच्या बाकावर दिवसभर लढाई चालू होती. “आपला पोरेसनी त्यासनी लाईट बंद करी टाकी!” एक जण सांगतो. दुसरा लगेच विचारतो, “मंग त्या काय गुपचूप बसतीन? त्या आपल्या बँका बंद करतीन.” पहिला मांडीवर थाप मारतो, “करू दे! मंग आपन त्यासनं पानी बंद करसूत!” चहा येईपर्यंत दोन्ही देशांत अंधार झालेला असायचा. म्हसावदचा एक माणूस मोबाईल घेऊन आला आणि म्हणाला, “बहीन, हॅकर घुसाव नही अशी काच लाई दे.” मी साधी काच लावली आणि सांगितलं की हॅकर काचेतून येत नाही, तुम्ही आलेल्या लिंकवर बोट ठेवता तिथून येतो. त्याला ते पटलं नाही. त्याच्या बायकोने तिचा फोन बंद करून तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवला होता, आणि त्याला तेच जास्त भरवशाचं वाटत होतं.

मला तुमचं दुकान आठवायचं. बांगलादेशची लढाई चालू होती, मी शाळेत नुकतीच जायला लागले होते. तुम्ही दुरुस्त केलेला सगळ्यात मोठा रेडिओ काउंटरवर ठेवला आहे, आवाज पूर्ण सोडला आहे, आणि गल्लीत माणसं उभी आहेत. बातम्यांची भाषा निम्म्या लोकांना कळत नाही, म्हणून तुम्ही एकेक वाक्य ऐकता आणि अहिराणीत सांगता. “आपली फौज फुडे गई, म्हने.” “त्यासना पूल पडना, म्हने.” प्रत्येक वाक्याला म्हणे. कापसाच्या गाडीवरचा एक तापट माणूस वैतागून ओरडतो, “अरे, दिल्लीना रेडिओ सांगी ऱ्हायना, मंग म्हने कसाले?” तुम्ही हातातला पेचकस खाली ठेवता आणि विचारता, “तू देखं का?” तो नाही म्हणतो. “मी देखं का? नही. मंग म्हने.” माणसं हसतात, तोही हसतो. मला तेव्हा वाटायचं की तुम्ही भित्रे आहात, कुठल्याच गोष्टीची छातीठोक खात्री देत नाही.

आणि त्याच आठवड्यात मी सार्वजनिक नळावरून धावत आले होते. दोंडाईच्याला बॉम्ब पडला, असं नळावर कोणीतरी बोललं होतं. मी वाटेतल्या प्रत्येक दारात ओरडले, “दोंडाईचाले बॉम्ब पडना!” आणि दुकानात येऊन तुम्हालाही तेच सांगितलं. तुम्ही माझा कान धरलात. “म्हने कथा गयं?” मला कळेना. “तुले कोनी सांगं, तू आयकं. मंग म्हने कथा टाकी उनी?” मारलं नाहीत, पण परत पाठवलंत. ज्या ज्या दारात बोलले त्या त्या दारात जाऊन तो राहिलेला शब्द पोचवून यायचा. मी रडत रडत गेले. एकेका उंबऱ्यावर उभी राहून नुसतं ‘म्हने’ म्हणत होते, आणि बाया पोट धरून हसत होत्या. समोरच्या मावशींनी तर मला आत बसवून शेव खायला दिली. गल्लीत कितीतरी दिवस माझं नाव ‘म्हने’ पडलं होतं, आणि तुम्हाला त्याचं फार कौतुक होतं.

तर लग्न. पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि व्याह्यांचा फोन आला, लग्न पुढे ढकलू, तुळशीच्या लग्नानंतर बघू. मुलगी नंदुरबारच्या शाळेत शिकवते, घरी आली होती. तिने काही आरडाओरडा केला नाही. ओट्याशी उभी राहून ती कणीक मळत होती, तिंबून तिंबून तिचा पार चिखल केला. मग म्हणाली, “आई, पुढे ढकललेलं लग्न होतं का गं?” आपल्याकडे अशी दोन लग्नं ढकलता ढकलता मोडलेली तिने पाहिली होती. तिला तो मुलगा मनापासून आवडला होता, आणि मला ते तिच्या हाताखालच्या कणकेकडे बघूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि हे, दोघं तापीकाठी त्यांच्या मळ्यात गेलो. ह्यांचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, चहा पितात आणि मान डोलावतात, त्यामुळे बोलायचं मलाच होतं. केळीच्या बागेला लागून घर, ऊन मी म्हणत होतं, आणि आत टीव्ही भांडत होता. व्याही माणूस चांगले, पण त्या आठवड्यात त्यांनी टीव्ही बंदच केला नव्हता. आम्ही बसतो न बसतो तोच पंखा थांबला, टीव्ही गप्प झाला. व्याही ताडकन उठले. “देखा! व्हयनी सुरुवात!” आतून विहीणबाईंचा आवाज आला, “काय व्हयनी सुरुवात? थ्री फेजना टाईम सरना. मोटर बंद करी या.” मळ्यातलं घर, शेतीच्याच लाइनवर, तिथली वीज रोज ठरल्या वेळी जाते. हे पहिल्यांदाच मोठ्याने हसले, आणि मला वाटलं, आता बिनसलं.

पण व्याही-विहिणींत थट्टा चालते, तेवढा आधार होता. मी म्हटलं, “भाऊ, तुम्ही म्हणता ते सगळं ऐकते. फक्त जे स्वतः पाहिलं नाही, त्याच्यापुढे म्हणे लावायचं. आमच्या नानांच्या दुकानाचा नियम आहे.” ते आधी चिडले, मग त्यांनाही गंमत वाटली असावी. “बँका बंद पडतीन, म्हने,” त्यांनी मोजायला एक बोट दुमडलं. “सुरतनी गाडी बंद व्हई, म्हने. मोबाईल बंद पडतीन, म्हने.” मग आवाज खाली आला. “आनि मन्ही बहीन येवाव नही.” तिथे ते थांबले. मला कळलं की खरं दुखणं हे आहे. मुलाची आत्या सुरतेला असते, यांची मोठी बहीण, त्यांना आईच्या जागी. तिच्याशिवाय त्यांना मांडवात उभं राहवलं नसतं, आणि हे सांगायची लाज वाटून ते दोन देशांचं भांडण पुढे करत होते.

मी विचारलं, “आत्याबाई येणार नाहीत, हे त्या स्वतः बोलल्या?” त्यांनी पुतण्याचा मेसेज दाखवला. पुतण्याला कोणी सांगितलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. विहीणबाईंनी तोवर फोन लावून स्पीकरवर टाकला होता. आत्याबाई कडाडल्या, “कोन म्हनं मी येवाव नही? मी साड्या लई ठेयेल सेत! गाडी बंद पडनी ते पायी येसू, पन पोरले हयद मीच लावसू!” व्याह्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि घाम आलाय असं दाखवलं. नंतर जेवल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडलं नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. लढाई तोवर थांबली होती. तिकडच्या लाइटीचं खरं काय ते अजून कोणी सांगू शकत नाही, आणि बाकावर त्याची चर्चा अजून चालते. आत्याबाईंनी मुलाला इतकी हळद लावली की त्याचे कान पिवळेच राहिले. पोरगी सुखात आहे. सकाळी शाळेत निघताना फोन करते, तेव्हा तिच्या मागे भांड्यांचा आणि विहीणबाईंच्या हसण्याचा आवाज येतो. मला आणखी काय हवं!

हे पत्र कुठे टाकायचं नाही, घरात कोणाला दाखवायचंही नाही, म्हणून एवढं लिहिते. व्याह्यांचा फोन आला, तुळशीच्या लग्नानंतर बघू असं ते म्हणाले, तेव्हा कणीक मळणाऱ्या तिच्या पाठीकडे बघत मी उभी होते आणि मला काळजी वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी बरं वाटलं, नाना. दिवाळी तिने आपल्याच घरी केली असती, आणि बोल त्या दुसऱ्या देशाला लागला असता.