वज्रीची झिजलेली कड

मंगळवार, संध्याकाळ

जिंकले! पेशवाईच्या काळातली ती पितळेची मोरवाली वस्तू आमच्या दातेसरांनी प्रदर्शनात थेट पूजेच्या कपाटात मांडली होती. बुडाला खाचा, पोटात खडे, हलवली की छुमछुम. "अहो मॅडम, घंटीच आहे ना, और क्या?" म्हणे. रोज आले की तिला हात जोडायचे. पण घंटेच्या बुडाला खाचा कशाला? आणि एकच कड झिजलेली का? ती कड काही केल्या डोक्यातून जाईना.

उद्या उद्घाटन. म्हणून आज आईची मातीची वज्री न्हाणीतून उचलून नेली. दोन्ही टेबलावर उलट्या ठेवल्या. झीज अगदी त्याच कडेला! मग चप्पल काढली आणि सरांसमोरच आईच्या वज्रीने टाच घासून दाखवली. लाज? कसली लाज!

सर लालबुंद. "अरे बाप रे, मतलब मी रोज पाय घासायच्या चीजला..."

"हो सर. आणि ठीकच केलंत."

दिवसभर उभ्याने राबून कोणी बाई टेकली असेल, आणि तेवढा वेळ ही छुमछुम फक्त तिची. कड झिजेपर्यंत.

पाटी मीच लिहिली: 'टाचा घासायची वज्री. खूप वापरलेली.' शेवटचे दोन शब्द सर खोडायला निघाले होते. नाही खोडू दिले.