सोमवारची बाटली

कट्टा,
मंगळवार, १५ एप्रिल २०२५

चि. तेजस्वी,
आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे मजेत. काजू यंदा बरा आहे. तुझे बाबा बागेतून आले की घमेलं खाली ठेवायच्या आधी तुझंच विचारतात, "चेडवाचो फोन इलो?"

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर मी तीनदा सांगायला गेले आणि तिन्ही वेळा फणसाच्या भाजीवर घसरले. म्हणून हे पत्र बाटल्यांच्या खोक्यातच घालते आहे.

काजूच्या बोंडूंवरून, त्या रसाळ फळांवरून, आपण भांडलो होतो, आठवतं? आपण काजू गळून पडायची वाट बघतो, ढीग करतो आणि सवडीने बिया काढतो. त्या ढिगातल्या बोंडूंना बुरशी येते, तिचं विष रसात उतरतं आणि उकळूनही जात नाही, असं तू म्हणालीस. मी फणकारले, "इतकी वर्सा पितव, कोण मेलो?" तू वाद न घालता प्रयोगशाळेतली काळी पूड हातात दिलीस. लोखंडाचे नॅनो कण, म्हणजे केसाच्या जाडीत हजारभर मावतील एवढे बारीक, आणि त्यांच्यावर कोळंबीच्या सालांपासून काढलेला लेप. विष त्यांना चिकटणार, मग चुंबकाने पूड बाजूला ओढायची. ढिगातल्या एकाच रसाच्या दोन बाटल्या, एक पुडीआधीची, एक नंतरची, भरून तुला पुण्याला पाठवायच्या, एवढंच माझं काम होतं.

आता ऐक. गेल्या आठवड्यात पहिली बाटली भरली, पूड हातात घेतली आणि आठवलं, आज सोमवार! सोमवारी मी सुकटीचा डबासुद्धा उघडत नाही, तर रसात कोळंबीचं साल कसं घालू? पुण्याची गाडी तर त्याच दुपारची होती. मग दुसऱ्या बाटलीत झाडावरून काढलेल्या ताज्या बोंडूंचा रस भरला. म्हटलं, कोणाला काय कळतंय.

आणि तुझा फोन! "आई, विष शून्य! आठ महिन्यांत पहिल्यांदा!" तू आनंदाने रडत होतीस आणि मी नुसतं "बरा झाला गो" म्हणाले. तेव्हापासून घास गोड लागत नाही. परवा गुरुवारी तू तो आकडा मोठ्या मॅडमपुढे मांडणार. पोरी, तो आकडा तुझ्या पुडीचा नाही. माझं चुकलं.

नर्मदाकाकीला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "आज मंगळवार आसा मगे. घाल ती पूड!" बाबांनी भजनाच्या जुन्या कर्ण्यातलं चुंबक काढून दिलं. ते बरणीला लावलं मात्र, काळी पूड सरसर येऊन काचेला चिकटली. मी बाबांना तीनदा बोलावून दाखवलं. भांडताना बोलले नाही, पण मला तुझा फार अभिमान वाटतो गो.

खोक्यात बर्फात तीन बाटल्या आहेत. 'आधी' आणि 'नंतर' लिहिलेल्या दोन्ही ढिगातल्याच रसाच्या. तिसरी ताज्या बोंडूंची, ती तपासायची नाही, प्यायची. यापुढे घरात सरबत ताज्या बोंडूंचंच होईल.

खोकं उद्या सकाळी पुण्यात पोचेल, तुला एक दिवस मिळेल. शून्य येवो की न येवो, येईल तेच सांग. आणि मग फोन कर. रागावायला केलास तरी चालेल, मी फणसाच्या भाजीवर घसरणार नाही.

खरं बोलायला आठ दिवस लावलेली,
तुझी आई