न दिसलेले अकरा मणी

बाई, आज सकाळी तुमची जुनी फाईल उघडली गेली. परळच्या आपल्या प्रयोगशाळेत पाच वर्षं खपून तुम्ही क्षयाच्या जंतूतल्या ज्या प्रथिनाची रचना शोधून काढलीत, तिची. उघडली आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीने. मी मागे चहाचा कप घेऊन उभी. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. बाकी सगळे तुम्हाला मॅडम म्हणायचे आणि मी एकटी बाई, लालबागच्या शाळेतली सवय. तुम्ही म्हणालात, "बाईच म्हण गं. मॅडम म्हटलं की वाटतं, कुणीतरी सही मागायला आलंय."

पहिल्यांदा आले ते गणपतीच्या दिवसांत. थंड खोलीत पदर खोचून, फरशीवर बसून एक बाई सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरतायत. मी विचारते, मॅडम कुठे बसतात? तुम्ही मान वर न करता म्हणता, "इथेच, फरशीवर. तो पंप धर जरा." प्रथिनाचा स्फटिक मिठाच्या कणाएवढा, एका थेंबात आठवडेच्या आठवडे वाढणारा. हादरा बसला तर एका चांगल्या स्फटिकाऐवजी थेंबभर नुसता चुरा. आणि खालून ढोल-ताशे निघाले की आपल्या खिडक्यांच्या काचा वाजायच्या. म्हणून स्फटिकांचे ट्रे ठेवायच्या फळीखाली तुम्ही ट्यूबा घालायचात. कुठल्या परदेशी पुस्तकात होतं हे? हवा भरून झाल्यावर मला म्हणालात, "जा, दर्शन घेऊन ये. येताना मात्र जिन्यावर धडाधड पाय आपटू नकोस." मी खरंच चपला हातात घेऊन वर आले होते. तुम्ही हसलात, ओरडला नाहीत.

ओरडलात ते तुमच्या ठाकूरद्वारच्या घरी. रविवार होता, तुम्ही भाकऱ्या थापत होतात आणि मी ओट्याच्या कडेला लॅपटॉप टेकवून सरावाला दिलेलं एक साधं प्रथिन सोडवत होते. स्फटिकावर क्ष-किरण सोडले की जो नकाशा मिळतो, तो म्हणजे जाळीजाळीचे ढग. त्या ढगांतून प्रथिनाची साखळी ओवत जायची, मण्यामागून मणी. एका जागी ढगच नव्हता. साखळीचा तेवढा भाग सारखा हलत असणार, म्हणून दिसत नव्हता. मी म्हटलं, "बाई, दोन्हीकडची टोकं दिसतायत की. मधले चार मणी अंदाजाने टाकते." तुम्ही भाकरी तव्यावर तशीच सोडून वळलात. "दिसलं नाही ते लिहायचं नाही. उद्या कुणी याच्यावर औषध बसवायला घेईल. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, तू मनाने ओवलंस ते?" भाकरी करपली. ती तुम्ही स्वतःच्या ताटात घेतलीत. मी फुगून बसले होते, तरी दुसरी तूप लावून मलाच वाढलीत.

पुढे मी कॉम्प्युटरकडे वळले. कोण बसणार त्या थंडीत स्फटिकांची वाट बघत! तुमची क्षयाची रचना पुरी झाली तेव्हा मी वरच्या मजल्यावर, भलतीच हुशार झालेले. मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. आलेल्या फाईलच्या डोक्यावरच्या टिपा तो उडवून टाकायचा आणि साखळी जिथे तुटलेली असेल तिथे आपल्या मनाने मणी भरून द्यायचा. तुमच्या प्रथिनात त्याने अकरा भरले. त्यामुळे एक खाच तयार झाली, काय सुंदर खाच! मी पडद्यावर औषध होऊ शकतील असे हजारो रेणू त्या खाचेत बसवून पाहिले, त्यातले नीट बसणारे निवडले आणि आमच्या केमिस्ट लोकांनी दोन वर्षं घाम गाळून ते तयार केले. परीक्षानळीत एकही चिकटला नाही. चिकटणार कशाला? ती खाच मुळात नव्हतीच.

मग ती बैठक. तुमच्या निवृत्तीला चार महिने होते आणि स्फटिकांचं काम पुढे चालवायचं की नाही ते त्या दिवशी ठरणार होतं. साहेबांनी मला विचारलं, दोन वर्षं का वाया गेली? मी उभी राहिले आणि म्हटलं, "सर, मूळ रचनाच कच्ची होती." तुम्ही माझ्या समोरच बसला होतात. पेनाला टोपण लावलंत, एवढंच. थंड खोली बंद झाली, आता तिथे झेरॉक्सचं मशीन आहे. शेवटच्या दिवशी तुम्ही ती ट्यूब घडी घालून माझ्या हातात दिलीत, "ठेव तुझ्याकडे, रबर अजून चांगलं आहे." वर्षभरात तुम्ही अंथरूण धरलंत. भेटायला आले, तर विचारलंत, जेवलीस का?

आज त्या मुलीने माझी साफ केलेली फाईल न घेता तुमची मूळ फाईल उघडली आणि मोठ्याने वाचलं. "मॅडम, इथे वरतीच लिहिलंय, हे अकरा मणी दिसलेले नाहीत, या भागावर विसंबू नये. मग त्यावरच रेणू कसे काय बसवले?" मी चष्मा लावला, वाकले आणि म्हणाले, "हो का? बघू."

बाई, ती ओळ मी वाचली होती. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी, आपलं कुठे चुकलं ते शोधताना. सगळं कळलं होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी उभी राहून तुमचं नाव पुढे केलं. नोकरी जाईल ही भीती होती, पण त्याहून जास्त, माझ्या हुशारीला कुणी हसेल ही. तुम्ही तिथल्या तिथे फाईल मागवली असतीत तर मी उघडी पडले असते. तुम्ही मागवली नाहीत. तुम्हाला माझी कीव आली होती की किळस, ते मला कधीच कळणार नाही. फार लाज वाटते हो.

हा कागद खणात ट्यूबेखाली ठेवणार आहे. ती मुलगी अजून पलीकडच्या टेबलाशी आहे, त्या अकरा मण्यांकडे बघत बसलीय. खरं सांगायचं तर तिला सांगायला हवं, दहा पावलांवर तर आहे. पण ती पुढे काहीतरी विचारेल. तुम्ही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसले.